बीटलचं जुनं एअर-कूल्ड इंजिन जास्त पॉवरचं कसं बनवतात?

फोनवर बराच वेळ गेम खेळला की फोन तापतो आणि गेम अडकायला लागतो. फोन स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करत असतो. जुन्या एअर-कूल्ड कारच्या इंजिनात अशी सोय नसते. ते तापत राहतं आणि शेवटी आतलं काहीतरी तुटतं. म्हणून अशा इंजिनाची पॉवर वाढवताना पहिला प्रश्न असतो: वाढलेली उष्णता जाणार कुठे? फोक्सवॅगन बीटलचं उदाहरण घेऊन हे समजून घेऊया.

एअर-कूल्ड म्हणजे काय?

या इंजिनात रेडिएटर नाही, पाणीही नाही. आपल्याकडच्या अनेक बाईकच्या इंजिनावर असतात तशाच फिन्स सिलिंडरवर असतात. बाईकला समोरून वारा मिळतो. बीटलचं इंजिन मात्र मागे, झाकणाखाली असतं. म्हणून बेल्टवर चालणारा पंखा पत्र्याच्या आवरणातून चारही सिलिंडरवर हवा सोडतो. उरलेली उष्णता ऑइल बाहेर नेतं, आणि ते असतं फक्त अडीच लिटर.

बीटलच का?

१९३८ ते २००३ या काळात ही गाडी २ कोटी १० लाखांहून जास्त बनली. १९६० च्या दशकात अमेरिकेत, खास करून कॅलिफोर्नियात, तिच्यासाठी वेगळे पार्ट बनवणारी दुकानं वाढली. त्यामुळे आज जवळजवळ पूर्ण इंजिन नव्या पार्टमधून जोडता येतं.

सीसी कसे वाढतात?

बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर. नेहमीची मापं अशी (मिलिमीटरमध्ये):

- ८५.५ × ६९ : १५८४ सीसी (कंपनीचं, सुमारे ५० हॉर्सपॉवर)
- ९०.५ × ६९ : १७७६ सीसी
- ९४ × ६९ : १९१५ सीसी
- ९४ × ८२ : २२७६ सीसी

फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा: बोअर × बोअर × ०.७८५४ × स्ट्रोक × ४, आणि उत्तराला १००० ने भागा. एखाद्या सीसीचाच फरक येईल.

८८ मिमीचे सिलिंडरही मिळतात. ते केस न कापता जुन्याच जागेत बसतात, म्हणून काम स्वस्तात होतं. पण बाहेरचं माप तेच ठेवून आतलं भोक मोठं केल्यामुळे त्यांची भिंत पातळ होते आणि तापल्यावर सिलिंडरचा आकार बिघडतो. ९०.५ किंवा ९४ साठी केस आणि हेड मशीनवर कापावे लागतात, पण भिंत जाड राहते.

पॉवर फक्त सीसीमुळे येते का?

नाही. मोठ्या सिलिंडरला हवाही जास्त लागते. मूळ बीटलमध्ये मधोमध एकच कार्बोरेटर असतो. तो काढून दोन्ही बाजूंना एकेक मोठा कार्बोरेटर बसवतात. मोठे व्हॉल्व्ह असलेले हेड, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारी कॅमशाफ्ट आणि मोकळा एक्झॉस्ट, हे सगळं एकमेकांना जुळावं लागतं. क्रँकही काउंटरवेट असलेली घेतात, कारण इंजिनाची केस मॅग्नेशियम मिश्रधातूची असते आणि जास्त आरपीएमचे हादरे तिला सोसत नाहीत. नीट बांधलेलं २२७६ सीसी इंजिन दीडशे हॉर्सपॉवरच्या पुढे जातं.

उष्णतेचं काय?

जुन्या बीटलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच, ३ नंबरच्या सिलिंडरच्या वाटेत उभा होता. त्या सिलिंडरला आधीच गरम झालेली हवा मिळायची, त्यामुळे त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटायची तक्रार नेहमीची. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने कूलरला वेगळी जागा दिली. पॉवर वाढवायची असेल तर याच पद्धतीचं आवरण वापरावं. त्याशिवाय:

- पत्रे काढू नका. इंजिन चकचकीत दिसावं म्हणून काही जण ते काढतात, पण तेच हवेला वाट दाखवतात.
- ऑइल फिल्टर बसवा. मूळ इंजिनात फक्त जाळी असते.
- जादा ऑइल कूलर आणि ऑइल टेंपरेचर मीटर लावा. १२० अंश सेल्सिअसच्या पुढे काटा गेला तर गाडी थांबवा.
- कॉम्प्रेशन बेताचं ठेवा. कंपनीचं साधारण ७.५:१ असतं. ते फार वाढवलं तर इंजिन नॉक करतं आणि हेड तापतं.

पहिल्यांदा सुरू करताना

नवी कॅमशाफ्ट असेल तर इंजिन आयडलवर सोडू नका. सुरू झाल्याबरोबर सुमारे २००० आरपीएमवर वीस मिनिटं चालवतात, म्हणजे कॅमला पुरेसं ऑइल मिळतं. मग ऑइल बदलतात.

मग कोणतं निवडायचं?

रोज चालवायच्या गाडीला १७७६ पुरेसं आहे. २२७६ ला मशीनचं काम, कूलिंग आणि खर्च सगळंच वाढतं. भारतात एक गोष्ट आणखी लक्षात ठेवा: आरसीवरची माहिती बदलेल असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

कुणी असं इंजिन दाखवलं, तर हॉर्सपॉवर नंतर विचारा. आधी विचारा, उन्हाळ्यात तासभर चालवल्यावर ऑइल किती तापतं? इंजिन किती टिकेल, ते या उत्तरावरून कळतं.