घरफोडी आणि चोरी : एका भेदाचा इतिहास

व्यवहारात घरफोडी हा चोरीचाच एक प्रकार समजला जातो. 1860 च्या भारतीय दंडसंहितेची भूमिका निराळी होती. पोलिसी अहवालांच्या आधारे एकोणिसाव्या शतकाचा सामाजिक इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाने हा भेद प्रथम ध्यानी घेणे अवश्य आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, धन्याच्या समक्ष बळाने केलेले अपहरण ते साहस आणि त्याच्या परोक्ष केलेले ते स्तेय, असा विभाग आढळतो. रात्री भिंतीस भगदाड पाडून चोरी करणाऱ्याचे हात तोडून त्यास सुळी द्यावे, असे नवव्या अध्यायात सांगितले आहे. दंड भयंकर खरा. परंतु गुन्हा चोरीचाच. (मृच्छकटिकातील शर्विलक तर संधिच्छेदाला शास्त्राचीच प्रतिष्ठा देतो.)

इंग्लंडच्या रूढ कायद्याचा भर मालापेक्षा राहत्या घरावर आणि रात्रीवर होता. गंभीर गुन्ह्याच्या उद्देशाने रात्री घर फोडून आत शिरले की अपराध पुरा होई. हाती काही लागले की नाही हा प्रश्न गौण. रात्र कशास म्हणावे? मनुष्याचा चेहरा ओळखता येईल इतका दिवसाचा उजेड नसणे, ही ब्लॅकस्टनची कसोटी. चांदणे त्याने हिशेबात धरले नाही. 1861 च्या कायद्यात रात्री 9 ते सकाळी 6 ही वेळ होती. 1968 च्या कायद्याने रात्रीची अटच काढून टाकली.

मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये मसुदा केलेली आपली संहिता 1 जानेवारी 1862 रोजी अमलात आली. तिच्या कलम 378 प्रमाणे जंगम वस्तू दुसऱ्याच्या कबजातून, संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलविली की चोरी घडते. खिशातील आमिषाच्या वासाने दुसऱ्याचा कुत्रा मागे चालू लागला, त्याच क्षणी चोरी पूर्ण झाली, असे तेथील उदाहरण आहे. ते मोठे मार्मिक आहे, कारण इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यात कुत्रा हा चोरीचा विषयच होऊ शकत नसे.

घरफोडी मात्र त्याच सतराव्या प्रकरणाच्या शेवटी, अतिक्रमणाच्या वर्गात येते. कलम 445 च्या उदाहरणांत भिंतीस भोक पाडून नुसता हात आत घालणारा घरफोड्या ठरतो. हरवलेली किल्ली सापडताच तिने दार उघडून गुन्ह्याच्या उद्देशाने आत शिरणाराही ठरतो. एक कपर्दिकही उचललेली नसली तरी चालते. रात्र येथे घड्याळाने मोजली नाही; सूर्यास्त ते सूर्योदय ती रात्र. साध्या चोरीस कमाल 3 वर्षे कैद, तर चोरीच्या उद्देशाने केलेल्या रात्रीच्या घरफोडीस 14 वर्षांपर्यंत.

यामुळे एकाच घटनेवर कलम 457 आणि राहत्या घरातील चोरीचे कलम 380, अशी दोन्ही लागू शकत. आकड्यांची बेरीज करताना ही दुहेरी नोंद निसटली, तर एका रात्रीच्या दोन घटना होतात. आणि घर फोडून रिकाम्या हाताने परतलेल्यास चोर म्हणून मोजले, तर अनर्थ उलट दिशेने होतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम 303 मध्ये, तर घरफोडीची व्याख्या कलम 330 मध्ये आहे. रात्रीच्या घरफोडीची स्वतंत्र व्याख्या तीत उरलेली नाही. सूर्यास्त-सूर्योदयाची मर्यादा शिक्षेच्या कलम 331 मध्ये घातली आहे.