वैद्यकीय शैक्षणिक दृश्यसामग्रीची प्रताधिकार नोंदणी

वैद्यकीय शिक्षण व आरोग्यप्रबोधनासाठी तयार केलेली चित्रे, आकृत्या, तक्ते, छायाचित्रे, प्रतिकृती आणि चित्रफिती यांवरील प्रताधिकाराची नोंदणी भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये होते. हा अधिनियम २१ जानेवारी १९५८ रोजी अमलात आला. मूळ कृती निर्माण होताच प्रताधिकार आपोआप प्राप्त होतो. नोंदणी ऐच्छिक आहे.

व्याप्ती

रेखाचित्रे, आकृत्या, तक्ते, छायाचित्रे आणि प्रतिकृती कलाकृती या वर्गात मोडतात. चित्रफिती चलच्चित्रपट या वर्गात येतात. हृदयाची रचना किंवा उपचारपद्धती यांवर कोणाचाही प्रताधिकार नसतो. ती दाखविणाऱ्या विशिष्ट रेखाटनावर तो असतो. कलाकृतीवरील प्रताधिकार कर्त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. अध्यापनाच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत कलम ५२ नुसार भंग ठरत नाही.

मालकी व रुग्णाची संमती

छायाचित्राचा कर्ता ते टिपणारी व्यक्ती असते. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, नियोक्ता असतो. रुग्णाची संमती ही स्वतंत्र बाब आहे. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार, ओळख पटेल असे रुग्णाचे छायाचित्र डॉक्टरांना परवानगीशिवाय नियतकालिकात प्रसिद्ध करता येत नाही. नोंदणीमुळे ही अट शिथिल होत नाही.

प्रक्रिया

प्रताधिकार नियम, २०१३ नुसार नमुना १४ मधील अर्ज नवी दिल्लीतील प्रताधिकार कार्यालयाकडे ऑनलाइन किंवा टपालाने करता येतो. त्यामुळे पुणे जिल्ह्यातील शिरूर वा दौंड येथील अर्जदारास दिल्लीस जावे लागत नाही. नियमांनुसार कलाकृतीसाठी ५०० रुपये व चलच्चित्रपटासाठी ५,००० रुपये शुल्क आहे. हरकतींसाठी ३० दिवस थांबल्यानंतर अर्जाची छाननी होते.

कायदेशीर महत्त्व

कलम ४८ नुसार प्रताधिकार नोंदवही ही तीत नोंदलेल्या तपशिलांचा प्रथमदर्शनी पुरावा असते. दाव्यासाठी नोंदणी आवश्यक असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये धीरज देवानी प्रकरणात म्हटले होते. २०२१ मध्ये संजय सोया प्रकरणात त्याच न्यायालयाच्या न्या. गौतम पटेल यांनी ती अनिवार्य नसल्याचा निर्णय दिला. मात्र कर्तृत्वाचा वाद उद्भवल्यास प्रमाणपत्र व दिनांकित मूळ रेखाटने उपयुक्त ठरतात. कलम ६२ नुसार वादीला आपल्या निवासाच्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल करता येतो.