पुढें आणि मागें

प्रश्नामागून प्रश्न विचारून काम पुरें करविण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टनें १९९१ सालीं ‘पब्लिशर’मध्यें आणली, संगणकावर नवी प्रणाली बसवितांनाहि पुढें तीच रूढ झाली. ‘पुढें’, ‘मागें’ आणि ‘रद्द’ हीं तीन बटणें म्हणजे तिचा सारा संसार. एका वेळीं एकच प्रश्न समोर असल्यानें नवख्यास आधार वाटतो. परंतु वाट किती उरली, हें त्यास दिसत नाहीं. उलट सर्व पानें आरंभींच मोकळीं ठेविलीं, तर जाणत्याचा वेळ वांचतो. पण पहिलें उत्तर बदलतांच पुढचीं खोटीं ठरूं शकतात.

मुंबईंत २००९ सालीं सुरू झालेला अकरावीचा ऑनलाईन प्रवेश २०२५ सालीं साऱ्या राज्यास लागू झाला, आणि धुळ्याच्या देवपुरांतील विद्यार्थीहि या वाटेवर आले. पहिल्या भागांत स्वतःची माहिती, दुसऱ्यांत दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतिक्रम. पहिल्या पसंतीचें महाविद्यालय मिळूनहि नाकारलें, तर पुढील नियमित फेऱ्या बंद! म्हणून शेवटच्या शिक्कामोर्तबापूर्वीं सारीं उत्तरें एका पानावर दाखवावीं व मागें जाण्याची मोकळीक ठेवावी. परतीची वाट जेथें खरोखरच संपते, तेथें तसें स्पष्ट सांगणें हा रचनाकाराचा धर्म होय.