एलियाहूची खुर्ची



आपल्या सिनेगॉगातील एलियाहू हन्नाबीच्या खुर्चीची पाठ तिच्या बैठकीपेक्षा गडद आहे. त्याचे कारण आज आपणांसमोर मांडतो. ही खुर्ची माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी केली.

शिपाईगिरी आणि हुन्नर हा आपल्या समाजाचा जुना वारसा आहे. कोकणात घाणा चालविणारे व शब्बाथला तो बंद ठेवणारे आपले पूर्वज ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. त्यांच्यातील अनेकजण पुढे कंपनी सरकारच्या पलटणीत गेले. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हेही लष्करी अंमलदारच होते.

आजोबा याच परंपरेतले. सुतारकाम येत असल्याने दुसऱ्या महायुद्धात ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. १९४४ साली इटलीत कासिनोच्या आघाडीवर त्यांनी तोफांच्या माऱ्याखाली वाटा व पूल बांधले. युद्धाविषयी ते फारसे बोलत नसत. विचारलेच तर म्हणत, “बाळा, पुलावरून माणसे सुखरूप गेली, की सुताराचे काम झाले.”

पुढे रंधा, पटाशी आणि गुण्या यांची पेटी घेऊन ते इस्राएलला आले. १९६२ साली मुख्य रब्बीनेटने बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. त्या वेळी माझ्या आईचे लग्न ठरले होते आणि ही खुर्ची अर्धी झाली होती. आजोबांनी लग्न थांबविले आणि रंधाही खाली ठेवला. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, तेव्हा युद्धातील पदके छातीवर लावून ते तेथे बसले. ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. आदेशातून आपल्या समाजाचे नावही वगळले गेले.

मग आजोबांनी खुर्चीची पाठ केली. पहिले लाकूड एव्हाना संपले होते; नवे मिळाले ते गडद. रंग देऊन हा फरक झाकण्यास त्यांनी नकार दिला. आईचे लग्न झाले. या खुर्चीवर पहिली मिला झाली ती माझी.

नव्वदी ओलांडून आजोबा गेले. आता खुर्चीला एकसारखे पॉलिश करण्याचा विचार चालू आहे. माझी नम्र विनंती एवढीच, की सांधे अवश्य घट्ट करावेत. परंतु ते दोन रंग तसेच राहू द्यावेत.