हालेलूया

ऐकताना हा आनंदाचा उद्गार वाटतो. मुळात ती आज्ञा आहे, तीही अनेकवचनी. हिब्रू 'हल्लेलू' म्हणजे 'स्तुती करा', आणि 'याह' हे देवाच्या चार अक्षरी नावाचं छोटं रूप. ते पूर्ण नाव यहुदी उच्चारत नाहीत. वाचताना त्या जागी 'अदोनाय', म्हणजे स्वामी, म्हणतात. 'याह' मात्र या शब्दात बिनधास्त टिकून आहे!

बायबलच्या स्तोत्रसंहितेत हा शब्द वारंवार भेटतो. नव्या करारात फक्त चारदा, आणि चारही वेळा प्रकटीकरणाच्या १९व्या अध्यायात. तिथे बाबेल, म्हणजे सांकेतिक भाषेत रोम, कोसळली आहे आणि सर्वसमर्थ देव राज्य करतो अशी घोषणा होते आहे. रोमचे सम्राट स्वतःला पुजवून घेत होते, त्या काळात असं गाणं म्हणजे उघड आव्हानच. देव राजा आहे म्हणून तो स्तुतीस पात्र, हा त्यामागचा युक्तिवाद. संगीतकार हँडेलने १७४१ साली रचलेल्या 'मसाया'तल्या गाजलेल्या समूहगानाचे शब्दही बरेचसे याच अध्यायातले.

ग्रीकमध्ये 'ह' गळला, लॅटिनमध्ये 'आलेलुया' झालं. वसईच्या कॅथलिक देवळांतही ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात हा शब्द गात नाहीत. ईस्टरच्या जागरणविधीपर्यंत तो बंद असतो.