वेदना, श्रद्धा आणि मॉर्फिन: डॉ. सिसिली साँडर्स यांची गोष्ट

कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला मॉर्फिन सुरू करूया असं म्हटलं की घरातली मंडळी दचकतात. "इतक्यात नको डॉक्टर, सवय लागेल." "आता काहीच उरलं नाही का?" आणि कुणीतरी वडीलधारं हळूच म्हणतं, "भोग आहेत, भोगूनच संपवायचे." या तिन्ही वाक्यांशी आयुष्यभर झगडलेली एक बाई इंग्लंडमध्ये होऊन गेली. गंमत म्हणजे ती स्वतः अतिशय श्रद्धाळू ख्रिस्ती होती. दुःखाला अर्थ असू शकतो यावर तिचा पक्का विश्वास होता. तरीही, किंवा म्हणूनच, दुखणं आधी थांबवलं पाहिजे असा तिचा आग्रह होता. तुमच्या घरात असा रुग्ण असेल, तर तिची गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी.

सिसिली साँडर्स यांचा जन्म 1918 चा. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर ऑक्सफर्डचं शिक्षण मध्येच सोडून त्या लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नर्स झाल्या. पण पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सोडावं लागलं. मग त्यांनी रुग्णालयातल्या समाजसेविकेचं प्रशिक्षण घेतलं. याच काळात, 1945 मध्ये, त्यांच्या मनात ख्रिस्ती श्रद्धा पक्की झाली.

1947 मध्ये त्यांच्या वॉर्डात डेव्हिड टास्मा नावाचा रुग्ण आला. वॉर्साहून आलेला पोलिश ज्यू निर्वासित, वय चाळीसच्या आसपास, हॉटेलात वेटरचं काम करणारा. कॅन्सर ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. लंडनमध्ये त्याचं जवळचं असं कुणीच नव्हतं. पुढे तो दुसऱ्या रुग्णालयात गेला तरी सिसिली त्याला भेटत राहिल्या. शरीराच्या दुखण्याइतकंच त्याला एक गोष्ट खात होती: आपण जगलो काय, मेलो काय, मागे काहीच राहणार नाही. एकदा त्याने धीर देणारं काहीतरी बोल म्हटल्यावर त्यांनी पाठ असलेलं एक स्तोत्र म्हटलं. पुढे वाचून दाखवू का असं विचारल्यावर मात्र तो म्हणाला की पुस्तकातलं नको, तुझ्या मनातलं सांग. फेब्रुवारी 1948 मध्ये तो गेला. जाताना त्याने 500 पौंड त्यांच्या नावे ठेवले. मरणाऱ्या माणसांसाठी वेगळं घर असावं असं दोघं बोलत असत. त्या घरातली एक खिडकी माझी, असं तो म्हणाला होता.

एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. सिसिली यांनी त्याला ख्रिस्ती केलं नाही. शेवटी त्याने आपल्या पूर्वजांच्या देवाशीच समेट केला आणि त्यांना त्याचं समाधान वाटलं.

त्यानंतर त्या संध्याकाळी सेंट ल्यूक्स या ठिकाणी स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या. तिथे एक साधी पण फार मोठी गोष्ट दिसली. इतर रुग्णालयांत दुखणं असह्य झाल्यावर रुग्णाने विनवणी करायची, मग इंजेक्शन मिळायचं. इथे मॉर्फिन तोंडाने, ठरावीक वेळाने, दुखणं पुन्हा उसळण्याआधीच दिलं जात होतं. पुढचा डोस मिळेल की नाही ही धास्तीच उरत नव्हती.

एका सर्जनने त्यांना सुचवलं की ऐकून घेतलं जायचं असेल तर डॉक्टर हो, कारण मरणाऱ्यांना सोडून जातात ते डॉक्टरच. (आम्हा डॉक्टरांना हे आजही टोचतं.) वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि 1957 मध्ये डॉक्टर झाल्या. पुढची काही वर्षं त्यांनी पूर्व लंडनमधल्या सेंट जोसेफ्स या आयरिश कॅथलिक सिस्टर्सच्या हॉस्पिसमध्ये काम केलं. सिस्टर्सची सेवा मनापासूनची होती, औषधशास्त्राची जोड मात्र कमी होती. साँडर्स यांनी नियमित मॉर्फिन सुरू केलं आणि हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. वेळेवर दिलेल्या मॉर्फिनने रुग्ण व्यसनी होत नाहीत आणि गुंगीतही पडून राहत नाहीत, हे त्यातून दिसलं. ते बोलू लागतात, वाचू लागतात, घरच्यांशी राहिलेल्या गोष्टी निस्तरतात.

याच रुग्णांकडून त्यांना एक नवी कल्पना सुचली. दुखणं कसं आहे असं विचारल्यावर एका बाईने पाठीपासून सुरुवात केली, पण बोलता बोलता नवरा, मुलगा, पैसा, मनातली भीती असं सगळंच त्यात आलं. साँडर्स यांनी याला 'संपूर्ण वेदना' म्हटलं: शरीराची, मनाची, नात्यांची आणि "हे माझ्याच वाट्याला का?" या प्रश्नाची. चौथ्या वेदनेवर गोळी नाही. पण पहिलीवर आहे, आणि ती दिल्याशिवाय चौथीबद्दल कुणाला बोलताच येत नाही. वेदनेने कळवळणाऱ्या माणसाला अर्थ शोधायला सांगणं मला तरी क्रूरपणाच वाटतो.

मग त्यांच्या श्रद्धेचं काम काय? येशूला अटक झाली त्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने शिष्यांना आपल्याबरोबर जागं राहायला सांगितलं, हा प्रसंग त्यांना फार जवळचा होता. येशूने तिथे स्पष्टीकरण मागितलं नाही, सोबत मागितली. ख्रिस्ती विश्वासानुसार देवाने स्वतः क्रूसावर दुःख सोसलं. म्हणजे दुःखातला माणूस देवाने टाकलेला नसतो, देव तिथे त्याच्यासोबतच असतो. साँडर्स यांची आशा या विश्वासावर उभी होती. आजार बरा होईल असं खोटं आश्वासन त्या देत नसत. आणि सगळं समजत नसलं तरी खाटेशेजारी बसता येतं, असं त्या परिचारिकांना शिकवत.

1967 मध्ये दक्षिण लंडनमध्ये त्यांचं सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभं राहिलं. टास्माच्या 500 पौंडांना तोवर 19 वर्षं झाली होती; त्याची खिडकी तिथे आहे. पायाच ख्रिस्ती होता, प्रार्थनेची जागा होती, पण कुठल्याही धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्या रुग्णाला दार उघडं होतं. उपचार, संशोधन आणि शिक्षण एकाच छताखाली. दोन वर्षांत घरी जाऊन सेवाही सुरू झाली. 2005 मध्ये कॅन्सरनेच त्यांचा मृत्यू झाला, आणि तोही याच हॉस्पिसमध्ये.

आपल्याकडे 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं. टाटा हॉस्पिटलचे कॅन्सर सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी ते स्थापन केलं. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस. होली क्रॉस सिस्टर्स तिथे सर्व धर्मांच्या रुग्णांची विनामूल्य सेवा करतात. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही शाखा निघाल्या. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी, 1985 मध्ये, अमली पदार्थांचा कडक कायदा आला होता. परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिन मिळणं इतकं अवघड झालं की डॉक्टरांची एक अख्खी पिढी ते न वापरताच शिकली. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली, तरी भीती अजून घराघरांत आणि दवाखान्यांतही आहे.

तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं तर "दुखेल तेव्हा" नाही, त्यांनी सांगितलेल्या वेळेला घड्याळ लावून द्या. डोस आपल्या मनाने वाढवू किंवा एकदम बंद करू नका. या औषधाने बद्धकोष्ठता बहुतेकांना होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या. सुरुवातीला दोन-चार दिवस मळमळ किंवा झोप येऊ शकते, ती सहसा कमी होते. झोप फारच वाढली किंवा श्वास मंद वाटला तर लगेच फोन करा.