कस कुठे नोंदवायचा?

कडेगाव, खानापूर, आटपाडी हा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या गलाईला माणसे धाडत आला आहे. सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा हा धंदा आपल्या माणसांनी पार तमिळनाडू, केरळपासून पंजाबपर्यंत नेला. दहावी झालेला मुलगा नात्यातल्या कुणाच्या तरी दुकानात जातो, तेव्हा त्याच्या पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका असते. मग भट्टीचा रंग पाहून ताव ओळखणे, टाकणखार केव्हा टाकायचा, तेजाबाच्या वाफेपासून छाती कशी जपायची, कसोटीवरच्या रेघेवरून कस कसा सांगायचा, हे तो शिकतो. परकी भाषा शिकतो. दुसऱ्याचे सोने हातात असताना हिशेब चोख ठेवायला शिकतो. दहा वर्षांनी गावी परतून एखादा अर्ज भरायला बसला, की शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात पुन्हा तेच दोन शब्द लिहितो: दहावी पास.

ई-पोर्टफोलिओचा अभ्यास मला या रकान्यापासून सुरू करावासा वाटतो. शिकणाऱ्याने स्वतः निवडलेले आपल्या कामाचे पुरावे, म्हणजे फोटो, चित्रफीत, आवाज, लेखन, आणि प्रत्येकाजवळ त्याचे स्वतःचे टिपण, असा हा डिजिटल संग्रह असतो. चित्रकलेचे आणि वास्तुकलेचे विद्यार्थी अशी चळत काखेत घेऊन पूर्वीपासून हिंडत आले आहेत. डोनाल्ड शॉन यांनी 1983 मध्ये आणि डेव्हिड कोल्ब यांनी 1984 मध्ये अनुभव आणि चिंतन यांचे नाते मांडले. तेव्हापासून या संग्रहातल्या टिपणाला शास्त्राचा आधार मिळाला. न्यूझीलंडमध्ये 2006 साली ‘महारा’ ही मुक्त प्रणाली घडू लागली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ विचार असा आहे.

आपल्याकडे डिजिलॉकर 2015 मध्ये आले, 2021 मध्ये श्रेयांकांची बँक. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने 30 तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक ठरवला आणि कामातल्या अनुभवालाही हिशेबात घेण्याची वाट मोकळी केली. ही पावले मोठी आहेत, त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण लॉकरमध्ये इतरांनी आपल्याला दिलेले कागद राहतात. पोर्टफोलिओत आपण आपल्याविषयी, पुराव्यानिशी, बोलतो. नवा वाचक या दोन गोष्टींत हमखास गल्लत करतो, म्हणून एवढे थांबलो.

समजा, त्या मुलाने तडकलेल्या मुशीचा फोटो ठेवला. खाली आवाजात नोंद केली: मूस शेकून न घेता एकदम भट्टीत ठेवली, म्हणून गेली; आता रोज सकाळी ती आधी भट्टीच्या कडेला ठेवतो. वीस सेकंदांची नोंद. प्रमाणपत्रात चुकीला जागा नसते. इथे चूक, तिचे कारण आणि बदललेली सवय एकाच जागी दिसते, आणि ती ऐकणाऱ्या जाणत्या कारागिराला या मुलाचा कस कळतो. नोंद मराठीतच हवी, बोलून केली तरी चालावी, असा माझा आग्रह आहे. लिहिण्याची धास्ती घेऊन कितीतरी हुशार हात मागे राहतात.

अडचणीही आहेत. गिऱ्हाइकाच्या दागिन्याचा फोटो त्याला न विचारता ठेवता येत नाही. महाविद्यालयाने दिलेले खाते पदवीबरोबर बंद झाले, तर तीन वर्षांचे काम नाहीसे होते. म्हणून संग्रहाची मालकी शिकणाऱ्याकडेच असायला हवी. आणि वाचणारा हवा. तपासणीच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने भरलेले पोर्टफोलिओ मी एका ठिकाणी चाळले आहेत. शिक्षकाची एकही ओळ त्यांत नव्हती. त्या मुलांनी पुढे ते पुन्हा उघडले असतील, असे मला वाटत नाही.

यशवंतराव चव्हाण 1913 मध्ये कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे इथे जन्मले. 1989 मध्ये स्थापन झालेल्या, शिक्षण मध्येच सुटलेल्यांना पुन्हा दार उघडणाऱ्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. त्या दारातून आत येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्या हातात काय आहे, हे त्याला स्वतःला मांडता यावे, यासाठी या शास्त्राची धडपड आहे.

शिक्षक, परिचारिका, गवंडी, गृहिणी, कुणीही असा, या अभ्यासात तुमचे स्वागत आहे. पुढचे पान उलटण्यापूर्वी आज हातावेगळ्या केलेल्या एका कामाचा फोटो काढा आणि तेच का निवडले, ते दोन ओळींत सांगून ठेवा. पहिले प्रकरण त्याच दोन ओळी हाती घेऊन पुढे जाते.